दाजींच्या देवळातला केर

दाजी गेल्याचं विट्याच्या बाजारात कळलं तेव्हा मला रडू आलं नाही. आता देवळाचं खरं कोण सांगणार, हेच आधी मनात आलं...

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. दूर दक्षिणेत त्यांचं सोनं गाळायचं दुकान होतं. दुसरी मोठी लढाई चालू असतानाच ते गावी परतले आणि माळावर देऊळ काढलं. सिमेंटचा घुमट, आत संगमरवर, भोवती गुलाबांची बाग, मधोमध कारंजं. सिमेंटला परमिट लागायचं त्या दिवसांत हे सगळं येतंय कुठून, अशी गावात कुजबुज होती. मी जात्याच संशयी. एवढा थाट माणूस उगाच करत नाही, असं मला वाटे.

अक्काच्या मनात वेगळंच होतं. महागाईनं गांजलेल्या बायका मंगळसूत्रं मोडायच्या, ती दाजींच्या मुशीत वितळायची. त्या सोन्यावर उभ्या राहिलेल्या देवळाचा उंबरा ओलांडणार नाही, असं तिनं साफ सांगितलं. मूर्ती बसली त्या दिवशी बायकोच्या जागी कमरेला सुपारी खोचून दाजी एकटेच पूजेला बसले.

रोज संध्याकाळी देवळातला केर ते स्वतः काढत आणि फडक्यात बांधून बागेत नेत. सोनं गाळणारा दुकानातला केर कधी टाकत नाही, धुऊन त्यातला कण न् कण काढतो. म्हणून एकदा मी मागोमाग गेलो. दाजी गुलाबाच्या आळ्यात केर ओतत होते.

"काय पुरताय, दाजी?"

"केर हाय रं. दुकानात केर धुतला की कुणाकुणाच्या अंगावरचं सोनं निघायचं... हितं तरी मातीच निघू दे."

मला ते पटलं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर अक्कानं विचारलं, "तुला कवा काय बोलले का रं ते?" मी ते वाक्य तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याबरोबर माळावर आली. उंबऱ्याशी थांबली, मग आत गेली. कोनाड्यात दाजींचा झाडू होता आणि शेजारी पूजेतली ती सुपारी, रोज हात लागून गुळगुळीत झालेली. अक्कानं ती पदराच्या टोकाला बांधली आणि केर काढायला घेतला.

केर तिनं आळ्यात ओतला. ती पुढे गेल्यावर मी खाली बसलो आणि बोटांनी आळं उकरून पाहिलं.

मातीच निघाली.