पाठ केलेली कबुली

अमेरिकेत रेडमंडला असताना, २००५च्या हिवाळ्यात, आमच्या गाडीत सतत मेलेल्या माणसांची भाषणं चालू असायची. दारू सोडण्यासाठी नवरा ज्या मंडळात जाऊ लागला होता, त्याच्या पहिल्या पिढीतल्या लोकांची ती जुनी रेकॉर्डिंग्ज. तिथल्या एका म्हाताऱ्या अमेरिकन मेंबरने सीडी दिल्या होत्या. खरखरत्या आवाजात कोणीतरी सांगायचं, की सुरुवातीला दोन-तीन बेवडे एकाच्या स्वयंपाकघरात बसून एकमेकांना आपापली कर्मकहाणी ऐकवायचे, त्यातूनच हे सगळं उभं राहिलं. ऐकणारे खदाखदा हसायचे. मी सिग्नलला थांबले तरी अस्वस्थ. त्या स्वयंपाकघरात कॉफी करत बसलेल्या बायकोला कोणी माइक दिला होता का?

सुधारला नाहीस तर मुलीला घेऊन नागपूरला आईकडे जाईन, हे मी त्याला सांगून ठेवलं होतं. तो पीत नाही म्हणायचा, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेला माणूस. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

एका शनिवारी त्याची स्वतःची कहाणी सांगायची पाळी आली. घरच्यांनाही बोलावलं होतं. मुलीला शेजारी सोडून मी गेले.

चर्चच्या तळघरात तो उभा राहिला, बोलू लागला, आणि मला घाम फुटला. जागा बघून थांबणं, विनोद, आवाज खाली आणणं, सगळं सीडीतलं. बाटली कोळशाच्या ढिगात लपवल्याचा किस्सासुद्धा. आमच्या अपार्टमेंटमध्ये कोळसा कुठून आला? पठ्ठ्याने आयुष्यातली सर्वांत मोठी कबुली पाठ केली होती.

त्याचं संपल्यावर सीडी देणारा म्हातारा शांतपणे म्हणाला, की ती माणसं त्यांचं सांगून गेली, आता तू तुझं सांग. मला इतकी लाज वाटली, इतका संताप आला, की मी कोट घेऊन उठलेच. नवऱ्याने ते पाहिलं. इंग्रजी सोडून तो माझ्याकडे बघत मराठीत म्हणाला, "मुलीला स्विमिंगहून आणायचो ना, तेव्हा मी प्यायलेला असायचो. गेल्या आठवड्यातही."

तिथे कोणालाच काही कळलं नाही. पद्धतीप्रमाणे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कोटाच्या एका बाहीत हात घालून तशीच उभी राहिले.

घरी येताना गाडी मी चालवली. त्याचा गळा धरावासा वाटत होता. आणि तरी, ज्यात त्याचा काडीचा फायदा नाही असं काहीतरी तो पहिल्यांदाच बोलला होता, हेही डोक्यातून जात नव्हतं. रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

पंधरा दिवसांनी मी मुलीला घेऊन नागपूरला निघाले. विमानतळावर तो सामान उतरवत होता.

"खरं बोललास," मी म्हटलं, "म्हणून परतीचं तिकीट काढलंय."