चिंचनाक्यासाठी झिजलेले ईश्वरदास सर

प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने. बेलवलीच्या पलीकडे आमच्या गावात एक तिठा आहे. त्याला पूर्वी चिंचनाका म्हणत. पुढे तेथे ‘दानशूर बापूसाहेब चौक’ अशी पाटी लागली. बापूसाहेब गावचे जमीनदार. त्यांनी शाळेला जागा दिली, हे खरे. लग्नापुरते कर्ज देऊन ते कातकऱ्यांना जन्मभर राबवीत, हेही खरे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. वेठबिगारी कायद्याने संपली आणि त्यानंतर ही पाटी लागली. ती उतरवावी म्हणून ईश्वरदास सरांनी अर्ज लिहिला व तो तपासून घ्यायला ते माझ्याकडे आले. तीच आमची पहिली ओळख.

सर उल्हासनगरच्या कॅम्प एकचे, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या बराकींतले. अंबरनाथच्या एका शाळेत इतिहास शिकवीत. मी महाविद्यालयात मराठी शिकवीत असे, आणि त्यांचा अर्ज मला वाचवत नव्हता.

“‘चौक बदलली पाहिजे’ नव्हे, सर. तो चौक.”

“आधी नाव बदलू द्या, प्रोफेसर. लिंग मग बघू.”

या गावाशी आपला संबंध काय, असे मी जरा तोऱ्यातच विचारले. उत्तरादाखल त्यांनी मला नाक्याजवळ राहणाऱ्या सोनीबाईंकडे नेले. त्यांचा मुलगा सरांचा विद्यार्थी होता. सोनीबाईंनी बसायला गोणपाट टाकले.

“सासरा त्या बापूसाहेबाचा लग्नगडी व्हता, जल्मभर. आता रेशनकार्डावर पत्ता म्हनून त्याचाच नाव. म्हंजी आमी आजून त्याचीच का?”

परतताना सर म्हणाले, “मेरा तो बराक नंबर है. नुसता आकडा. पण आकड्याला मालक नसतो.”

त्यानंतर अनेक वर्षे ग्रामपंचायतीकडे आमचे अर्ज गेले. उत्तर एकाचेही आले नाही. सरपंच तोंडी थट्टा तेवढी करीत: “सर, तुमच्या कॅम्पात नावं नाहीत म्हणून आमची न्यायला आलात काय?” सर हसून चहा घेत आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जात. चौकाला सरांचेच नाव द्यावे, अशी सूचना आमच्यातल्या एका उत्साही गृहस्थांनी केली. सर म्हणाले, “एका शेठचं काढून दुसऱ्याचं कशाला? चिंचनाका होतं, तेवढं पुरे.”

अखेर ग्रामपंचायतीने पाटीवरचा ‘दानशूर’ हा शब्द पुसला. कार्यकर्त्यांनी पेढे वाटले. मी घेतला नाही. सर पेढ्यांना थांबले नाहीत. ते सोनीबाईंकडे गेले.

“एक शब्द गेला, बाई. दोन राहिले.”

“तुमी दमलाव, सर. बसा आधी.”

ते बसले. त्यांना कोणी सांगितले म्हणून बसलेले मी तेव्हाच पाहिले. मला कावीळ झाली तेव्हा कॅम्पातून रोज उसाचा रस घेऊन येणारे सर दारातूनच परत फिरत.

आता सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त हा गौरवांक निघत आहे. त्यांचे गुडघे गेले आहेत आणि आम्हीही थकलो आहोत. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभावे, ही इच्छा मी शिष्टाचारापोटी लिहीत नाही. चिंचनाक्याची पाटी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी, एवढ्यासाठी लिहितो. तेच सरपंच या गौरवसमितीवर आहेत. शाल त्यांच्याच हस्ते दिली जाईल. ती त्यांनी अवश्य द्यावी. मात्र सोनीबाईंच्या पत्त्यावर कोणाचे नाव राहणार, हेही त्यांनी सरांना कळवावे. अर्जात आता व्याकरणाची एकही चूक उरलेली नाही. उत्तर लेखी द्यावे.