पेनड्राइव्हकाका

आर्वीच्या आमच्या गल्लीत एक गृहस्थ होते. त्यांच्या गळ्यात सोन्याच्या साखळीशेजारी काळ्या दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह लटकायचा. फक्त आंघोळीपुरता तो खुंटीवर जाई. धंदा कापडाचा, केस पांढरे झालेले. पण घरी नवा कॉम्प्युटर आला की लोक आधी त्याला हार घालत आणि मग यांना बोलावत. टायपिंगचा, फोटोंचा, पत्रिकेचा, लागेल तो प्रोग्रॅम काका फुकटात टाकून देत. कुलूप असेल तर तोडून देत. म्हणून ते पेनड्राइव्हकाका.

दुकानात त्यांनी कधी बोटभर कापड कमी मापलं नाही. एकदा मी विचारलं, "काका, ही चोरी नाही का होत?"

ते हसले. "काऊन बे? मीटरभर कापड फाडलं तं तागा कमी होते. हे कितीबी द्या, तागा तेवढाच. विद्या हाये ते, वाटल्यानं वाढते." गल्लीत दुसऱ्या कुणाला हा प्रश्न पडलाच नाही.

त्यांची नात खुशी हिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. शाळेत जायची, पण अक्षरांशी तिची ओळखच होईना. अशात काकांना कुठूनसा एक मराठी प्रोग्रॅम मिळाला. पडद्यावर चित्र, खाली शब्द आणि शेजारी तोच शब्द खुणेनं सांगणारे दोन हात. खुशी त्याला चिकटलीच. तिनं पाटीवर 'पोपट' लिहिलं त्या दिवशी काकांनी दुकान बंद ठेवून पेढे वाटले. मग ते पेनड्राइव्ह घेऊन निघाले. ऐकू न येणारं लेकरू ज्या ज्या घरात असल्याचं कानावर येई, तिथं तिथं ते जाऊन आले.

"आता हिले वाक्यं वाचता आली पाह्यजेत," ते एक दिवस म्हणाले. प्रोग्रॅमच्या पहिल्याच पानावर तो बनवणारीचं नाव आणि वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेचा पत्ता होता. "आपल्याच जिल्ह्यातली पोरगी हाये! चाल, दुसरा भाग घेऊन येऊ." त्यांनी मला आणि खुशीला एस.टी.त बसवलं.

दार त्या प्रोग्रॅमवालीनंच उघडलं. खुशीनं तिच्याकडे पाहिलं आणि एकदम तिचे हात धरले. पडद्यावरचे हात तेच होते. मग ते सोडून भराभर खुणा केल्या: पोपट, पाणी, आजोबा. आणि पुन्हा तेच हात धरले. प्रोग्रॅमवालीचे डोळे भरून आले.

काकांची छाती फुगली. "ताई, कारंजा म्हणा, हिंगणघाट म्हणा, असं लेकरू असलेल्या घराघरात मी तुमचा प्रोग्रॅम पोचवला. कोणाले इकत घ्यावा नाई लागला!"

तिनं हळूच हात सोडवून घेतले.

"तुम्ही पोचवला होय?" ती म्हणाली. "मले वाटत होतं, कोणाले पसंतच पडला नाई. कोणी घेतच नव्हतं. वाक्यांचा भाग अर्धा झाला होता, काका. पण घर चालवायचं कसं? दिला सोडून. आता पुण्याले नोकरीवर चालली."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं चहा ठेवला. काकांचा कप तसाच राहिला. खुशी मात्र दोघांकडे आळीपाळीनं पाहत हसत होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. निघताना काका हात जोडून उभे राहिले. "राहू द्या काका," ती म्हणाली.

वर्धा स्टँडवर ते एवढंच म्हणाले, "कापड इणणाऱ्याले इसरलो बे मी."

त्यानंतर काकांनी पेनड्राइव्ह कुणाच्याच कॉम्प्युटरला लावला नाही. म्हातारा खत्रूड झाला, असं लोक म्हणाले. गेल्या वर्षी ते गेले.

मला मात्र ते त्या परतीच्या एस.टी.त बसलेले दिसतात. खुशीनं खुणेनं विचारलं होतं, दुसरा भाग कुठाय? काकांनी मोबाइलवर लिहिलं, 'नाही'. तिनं भुवया उंचावल्या: का? तिला वाक्य वाचता येत नव्हतं. मग त्यांनी एकच शब्द लिहिला: 'मी'.

तिनं तो वाचला, त्यांच्याकडे पाहिलं आणि 'नाही' अशी मान हलवली. आजोबांचं लिहिताना चुकलं असेल, असं तिला वाटलं. तिनं स्वतःच तो शब्द खोडला आणि मोबाइल परत त्यांच्या हातात दिला.

काकांनी पुन्हा तोच शब्द लिहिला.