नमद्याच्या सपाता

धाकट्या जावेच्या तळपायाला कुरूप झालं, तेव्हा मला त्या घरात येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पेडगावात आमचं किराण्याचं दुकान होतं आणि गावाबाहेर काळी जमीन. दुकान सासरे आणि दीर बघायचे. शेत आमच्या ह्यांच्याकडे, म्हणजे पर्यायानं माझ्याकडे. कापूस वेचायला, निंदायला, ज्वारी काढायला मी अनवाणी जायची. ज्वारी काढल्यावर रानात जी धसकटं उरतात ती पायात घुसली की माणूस जागीच बसतं. माझ्या टाचांना भेगा होत्याच. थंडी पडली की त्या उलायच्या आणि लुगड्याच्या काठाला रक्ताचे ठिपके पडायचे. सासूबाई राळ आणि मेण तेलात कढवून मलम करायच्या, ते मी रात्री भेगांत भरायची, सकाळी परत रानात. त्याचं मला काही वाटत नव्हतं. सगळ्याच बायांचे पाय तसे होते.

धाकटी पूर्णेची. तिचे वडील तिथं रेल्वेत कामाला होते, इंजिनं दुरुस्त करायच्या शेडमध्ये. लग्नात तिच्याबरोबर जी भांडी आली त्यांच्यापेक्षा तिचे पायच लोकांनी जास्त बघितले. गोरे, मऊ, टाचा लोण्यासारख्या. आमच्याकडे आली आणि वर्षाच्या आत लंगडायला लागली. तळव्याच्या पुढच्या भागात, बोटांच्या मुळाशी, ज्वारीच्या दाण्याएवढं कुरूप. पाय टेकला की खिळा ठोकल्यासारखी कळ जायची म्हणे. सासूबाई म्हणाल्या, ‘‘काटा मोडला आसंल, जाईल.’’ मीही तेच म्हणाले.

संक्रांतीच्या सुमारास तिचे वडील भेटायला आले. पोरगी पाणी घेऊन लंगडत बाहेर आली ती त्यांनी बघितली. तांब्या तसाच खाली ठेवला आणि सासऱ्यांना म्हणाले, ‘‘आमच्या रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टर हाय. रुळावर काम करणाऱ्यांचे पाय तोच बघतो. पोरीला घेऊन जातो.’’

सासरे नाही म्हणू शकले नाहीत. दुसऱ्याच दिवशी ती गाडीत बसून माहेरी गेली.

परत आली ती पायात सपाता घालून. घोड्याच्या खोगिराखाली घालतात त्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, जाड आणि मऊ, आतून तांबडं कापड लावलेलं. कुरूप होतं तिथं नमद्याला गोल भोक पाडलेलं, म्हणजे दुखऱ्या जागेवर भार येऊ नये. ती त्या घालून ओट्यावरून सरळ आत आली. सासूबाई कपाळाला विभूती लावत होत्या, त्यांचा हात तिथंच थांबला.

‘‘पायातलं काढ. घरात सासरे बसलेत.’’

‘‘आत्याबाई, डॉक्टरनं सांगितलंय, घरात बी अनवाणी फिरायचं न्हाई. आन् ह्याला चामडं न्हाई, नमदा हाय.’’

चामड्याचं असतं तर सासूबाईंनी तिला उंबऱ्यातच उभी केली असती. नमद्याला काय म्हणावं ते त्यांना सुचलं नाही. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी चुलीत फुंकर मारत बसले. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, ते बरंच झालं.

डॉक्टरनं आणखीही सांगितलं होतं. रोज संध्याकाळी कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसायचं. कुरूप भिजून मऊ झालं की वरची साल हळूच खरवडायची, वस्तऱ्यानं कापायचं नाही, मग औषध लावून पट्टी. पाणी तापवायचं कोणी? चूल माझ्याकडे होती, म्हणून मीच. घंगाळात पाणी ओतून मी माजघराच्या दाराशी ठेवायची आणि भाकरी थापायला परत यायची.

एकदा मीठ विसरल्याचं उशिरानं लक्षात आलं म्हणून मागं फिरले. दीर दुकानातून आले होते. ते खाली बसले होते आणि आपल्या उपरण्यानं तिचा पाय पुसत होते. बोटाबोटांमधून. तिनं हात भिंतीला टेकला होता आणि डोळे मिटले होते. मी मीठ मुठीत धरून तशीच परत आले. त्या दिवशी माझ्या भाकरी करपल्या.

सपातांचं मला तेवढं नव्हतं. पण त्या पुसण्यानं माझ्या जिवाला जी आग लागली ती काही केल्या विझेना. पाच-सहा वर्षांत आमच्या ह्यांनी माझे पाय बघितले तरी होते का? रात्री मी त्यांच्यापुढं टाच धरली आणि म्हणाले, ‘‘माजे पाय लय दुखायलेत.’’

त्यांनी कंदील वर केला नाही. ‘‘आईला सांग, बिब्बा लावील,’’ म्हणाले आणि कूस बदलली.

मला राग आला तो असा की लावूनच घ्यावा म्हटलं. सासूबाईंनी सुईला बिब्बा टोचला, दिव्याच्या ज्योतीवर धरला आणि त्यातून ठिबकणारं काळं तेल माझ्या भेगांमध्ये सोडलं. चटके बसले. धाकटी समोर सपाता घालून उभी होती. ती म्हणाली, ‘‘अक्का, डॉक्टर म्हणत होता, बिब्बा वाईट.’’

‘‘तुजा डॉक्टर तुला लखलाभ,’’ मी म्हणाले.

बिब्बा उतला. दुसऱ्या दिवशी टाचेला खाज सुटली, मग फोड आले, मग ते घोट्यापर्यंत चढले आणि पाय मुसळासारखा सुजला. सासूबाईंनी तीळ आणि खोबरं वाटून लावलं, मला चावायलाही दिलं. फरक पडेना. अंगात ताप भरला. सासूबाई घाबरल्या आणि घाबरल्या की त्या बोलत नसत. बोलली ती धाकटी. सासऱ्यांपुढं जाऊन म्हणाली, ‘‘अक्काला पूर्णेला न्या. माज्या बाबांना निरोप धाडते.’’

म्हणजे माझं दुखणंही तिच्याच बापाच्या ओळखीनं बरं व्हायचं होतं. मी नाही म्हणणार होते, पण पाय खाली टेकवत नव्हता. निघताना तिनं स्वतःच्या सपाता काढून माझ्यापुढं ठेवल्या. सुजलेला पाय त्यात शिरेना. शिरला असता तरी मी घातल्या नसत्या. ह्यांनी मला बैलगाडीत घातलं, तिथून स्टेशन, तिथून आगगाडी.

दवाखान्यात तो डॉक्टर ठेंगण्या तिवईवर बसलेला होता. पिकलेली दाढी, बोलणं उर्दू. दिवसभर खडीतून चालणाऱ्या माणसांचे मुरगळलेले घोटे, सडलेली नखं, कुरुपं बघण्यातच त्याचा जन्म गेला असावा. त्यानं माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. मी लाजून मागं ओढला. ‘‘डरो नक्को, अम्मा,’’ तो म्हणाला आणि कोमट पाण्यानं फोड धुवायला लागला. त्याचा हात इतका हलका होता की मला रडू आलं.

मग त्यानं विचारलं, ‘‘तुम्हारी देवरानी का पाँव कैसा है? बहुत समझदार बच्ची है.’’

माझं रडू जागच्या जागी आटलं.

मलमपट्टी झाल्यावर त्यानं ह्यांना जवळ बोलावलं. ‘‘इधर देखो,’’ म्हणाला. माझी दुसरी टाच त्यानं उजेडाकडे केली. हे वाकले. चांगला वेळ बघत राहिले. मग मराठीतच, कुणाला उद्देशून न बोलता, म्हणाले, ‘‘ह्याच्यात तर ज्वारीचा दाणा बसंल की.’’

डॉक्टरनं समजावलं. पाय रोज भिजवायचे, खरबरीत दगडानं हळू घासायचे, कोरडे करायचे, मग तेल. भेगेत माती जाऊ द्यायची नाही. रानात वहाणा, घरात काहीतरी मऊ. ‘‘और बिब्बा फिर कभी नक्को.’’ हे मान हलवत होते. बाहेर आल्यावर त्यांनी धाकटीच्या वडिलांना हळूच विचारलं, ‘‘त्या सपाता कुटं मिळत्यात?’’

मला सपाता मिळाल्या. नमदा मात्र भरड होता आणि आतलं कापड निळं. पूर्णेच्या त्या कारागिराकडं तांबडं संपलं होतं. घरी आल्यावर मी पहिल्यांदा माझी आणि तिची सपात शेजारी ठेवून बघितली. तिची शिलाई बारीक होती.

सासूबाईंनी ओट्यावर दोन जोड बघितले आणि म्हणाल्या, ‘‘आमचे पाय काय लाकडाचे व्हते का गं?’’ तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचे पाय दिसले. अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं, बोटं एकमेकांवर चढलेली. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, कधीच. मी म्हणाले, ‘‘आत्याबाई, तुमच्यासाठी बी आणूत.’’ ‘‘मला नगं,’’ त्या म्हणाल्या आणि दोन दिवस आम्हा दोघींशी बोलल्या नाहीत.

पुढं रोज संध्याकाळी दोन घंगाळं तापायला लागली. ह्यांनी माझे पाय कधी पुसले नाहीत. पण रानात निघताना ‘‘वहाणा घातल्या का?’’ असं मागून ओरडायचे आणि ते गल्लीला ऐकू जायचं. मी मुद्दाम ऐकलं नाही असं करायची, म्हणजे ते परत ओरडावेत.

उन्हाळ्यापर्यंत माझ्या टाचा भरून आल्या. धाकटीचं कुरूप त्याआधीच गेलं होतं. मग धाकटीच्या वडिलांनी खटपट केली आणि दिरांना पूर्णेला रेल्वेत काम लागलं. दोघं क्वार्टरमध्ये राहायला गेले. तिथं म्हणे जमीन सारवायची नव्हती, फरशी होती, आणि नळ दाराशी.

रझाकारांची धामधूम संपल्यावर ती पहिल्यांदा पोराला घेऊन आली. मी आधी तिच्या पायांकडे बघितलं. लग्नात होते तसेच होते. आम्ही दोघी ओट्यावर शेंगा फोडत बसलो. ती म्हणाली, ‘‘अक्का, तिथं करमत न्हाई बगा. दिवसभर एकली. हितं तुमच्याबरोबर लय बरं व्हतं.’’

मी शेंगा फोडत राहिले. मला ते खरं वाटलं नाही. तिला मात्र खरंच रडू येत होतं.