कोऱ्या काचेवरचं हिरवं पीक

"अगं, वाढल्या! सगळ्या वाढल्या!" आमचे बॉस सावंत सर मायक्रोस्कोपवरून उठायला तयार नव्हते.

मी पॉलिमर केमिस्ट. आमची छोटी लॅब अंधेरीच्या एमआयडीसीत आहे. तुटलेली नस, म्हणजे मज्जातंतू, पुन्हा वाढायची तर तिच्या पेशींना धरायला काहीतरी लागतं. शरीरातल्या अशा आधाराची नक्कल करणारं अस्तर आम्ही बनवतो. त्यालाच बायोमिमेटिक पॉलिमर म्हणतात. नाव जड आहे, काम वेलाला मांडव घालण्याचं. पेशींना रंग लावून निळ्या प्रकाशात पाहिलं की त्यांचे तंतू हिरवे चमकतात.

त्या दिवशी सगळंच चमकत होतं. हे काम ज्यांच्या कंपनीसाठी चाललं होतं, ते घाटकोपरचे शहाभाई दुपारी येणार होते. आधीच्या बॅच फेल गेल्या होत्या. आजही काही दिसलं नाही तर प्रोजेक्ट बंद, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मीही नाचले असते. पण सवयीने कंट्रोल पाहिला, म्हणजे अस्तर नसलेली साधी काच. तीही हिरवीगार. मग पेशीच नसलेली कोरी काच रंगात बुडवून पाहिली. तिच्यावरही पीक!

"सर, वाट लागली. कोऱ्या काचेवर नसा उगवल्यात."

रंगाची बाटली उचलली. झाकणावर हळदकुंकवाचं बोट. खंडेनवमीला सरांनी लॅबची पूजा केली होती. मायक्रोस्कोप, इनक्युबेटर, फ्रिज आणि उत्साहाच्या भरात बाटल्यासुद्धा. हळदही निळ्या प्रकाशात हिरवी चमकते. झाकण उघडताना ती आत पडली होती.

"आता काय करूचा गो?" सर घाबरले की त्यांची मालवणी बाहेर येते. मग हळूच म्हणाले, "फोटो तर झकास आलाय. शहाभाईंना काय कळतंय?"

"मला कळतंय ना, सर!" माझा आवाज चढलाच.

नवी बाटली उघडली. त्याच बॅचमधल्या, रंग न लावलेल्या काचा रंगवल्या. साधी काच काळी. आमच्या अस्तरावर तंतू होते, पण मोजकेच आणि आखूड. मला रडू यायचं बाकी होतं. पुन्हा नीट पाहिलं, आणि तीच काच शहाभाईंसाठी मायक्रोस्कोपखाली ठेवून दिली.

दुपारी शहाभाईंनी आल्या आल्या डोळा लावला. "एवढेच?"

"एवढेच, पण खरे. आणि बघा, अस्तरावरच्या बारीक रेघा धरून सगळे एकाच दिशेने चाललेत. नस जुळायची तर आधी दिशा लागते. लांबी वाढवता येईल." मग पूजेचा घोळ सांगून हळदीचा फोटोही दाखवला. "ह्यात दिशा दिसलीच नसती."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. शहाभाई पोट धरून हसले.

"चालू ठेवा काम. पुढच्या पूजेला मला बोलवा, बाटल्या मी लपवतो."

वाईट रिझल्ट आला की आपण तपासायला धावतो, चांगला आला की पेढे आणायला. दोन्ही वेळा आधी तपासावं. पेढ्यांचं दुकान कुठे पळून जात नाही.