मिलवर आठ माणसं

“या नावाचा माणूस आमच्याकडं नाही,” असं मीच सांगितलं. मस्टर दोनदा बघून, अगदी खात्रीनं सांगितलं.

समोर ईट गावाहून आलेले दोन पाहुणे होते. सोयरीक जुळत आली की आमच्या भागात मुलीच्या बापाचीही चौकशी होते, थेट त्याच्या कामावर जाऊन. “ज्ञानोबा लिंबाजी वाघे, बेंबळीचे. मिलवर फिटर हायेत म्हणं,” त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हटल्यावर त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली. “बरं झालं, आदीच कळलं,” म्हणाला आणि चहासुद्धा न घेता दोघं उठले.

मी साखर कारखान्यात कामगार अधिकारी होतो. त्या आठवड्यात एमडी साहेबांना पुढच्या पाच वर्षांचा मनुष्यबळ आराखडा हवा होता. म्हणजे कायम माणसं निवृत्त होतील, तशा किती जागा कंत्राटावर भरायच्या ते ठरवायचं. कंत्राटी माणसाचं नाव ठेकेदाराच्या मस्टरवर असतं. आमच्याकडं नुसता आकडा. ‘मिल – आठ माणसं.’ आकडे जुळले की मी खूश.

दुसऱ्या दिवशी वस्ताद केबिनमध्ये आले. मिलचे रोलर, म्हणजे ऊस पिळणारे ते अगडबंब लोखंडी रूळ, दरवर्षी खोलून सीझनआधी परत बसवावे लागतात. बारा सीझन ते काम वस्तादांचं. काय दिवस होते ते! पहिल्यांदा मिल फिरली की वस्ताद कान देऊन उभे राहायचे आणि आम्ही सगळे साहेबलोक त्यांच्या तोंडाकडं बघत. त्यांनी मान हलवली की मगच नारळ फुटायचा. अख्खा कारखाना त्यांना वस्तादच म्हणायचा. मीही.

“साहेब, उद्यापासनं म्या येत न्हाय.”

“अहो वस्ताद, सीझन तोंडावर आलाय! झालं काय?”

“पोरीची सोयरीक मोडली. तुमीच सांगितलं न्हवं पाव्हण्यास्नी, ज्ञानोबा वाघे हितं न्हाय म्हणून?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा वर्षं ज्या माणसाबरोबर चहा प्यालो, त्याचं नाव मला माहीत नव्हतं!

“चुकलं माझं, वस्ताद.”

“तुमचं कसं चुकंल? कागदावर न्हाय म्हंजी न्हाय.”

ते टोचून बोलले की साधेपणानं, मला आजही सांगता येत नाही.

मी तडक एमडी साहेबांकडं गेलो. वाघे आमच्याकडं काम करतात, एवढं एक पत्र मागितलं.

“वेडे आहात का? लेखी काही द्यायचं नाही. उद्या तेच पत्र घेऊन ‘कायम करा’ म्हणून कोर्टात जाईल. आणि फिटर ठेकेदार दुसरा देईल की.”

“फिटर देईल साहेब. मोडलेली सोयरीक कोण जुळवून देईल?”

साहेबांनी समोरची फाईल उघडली. मी रजेचा अर्ज टाकला आणि मोटारसायकलवर एकट्यानंच ईट गाठलं. वस्तादांना नेलं नाही. माझ्या चुकीपायी त्यांनी तिथं मान खाली घालून का बसावं?

म्हाताऱ्याला काही न लपवता सांगितलं. माणूस कंत्राटी आहे, कायम नाही. पण बारा वर्षं आमच्याकडंच आहे. नाव मला माहीत नव्हतं, चूक माझी.

“बारा वर्सं?”

“हो.”

“आन् नाव ठावं न्हाय?”

“नाही.”

“कसला वो साहेब तुमी!”

 

मग तो म्हणाला, “आमचं पोरगं बी दवाखान्यात कंत्राटावरच हाय. कंत्राटी हाय म्हणून न्हाय मोडली आमी. माणूस लबाड निघाला असं वाटलं, म्हणून मोडली. सांगा वाघ्यास्नी, रविवारी येतो.”

रविवारी सुपारी फुटली. सोमवारी वस्ताद कामावर होते.

मी गेटवर एक वही ठेवली. प्रत्येक कंत्राटी माणसाचं नाव, गाव, कधीपासून कामाला. खरं तर ठेकेदाराकडून नावं घेणं माझं कामच होतं, मी कंटाळा केला होता. आराखड्यालाही ती नावं जोडली. एमडी साहेब वैतागले. “ही यादी कशाला? माणसं बदलत राहणार.”

“बदलली की खोडू, साहेब. पण कुणाला खोडतोय ते तरी कळेल.”

आता तिथं कायम नोकरीवरचा माणूस शोधावा लागतो, इतके कंत्राटी झालेत. निवृत्तीनंतर कारखान्यानं मलाही एक सीझन कंत्राटावर बोलावलं. पहिल्या दिवशी गेटवर नवा वॉचमन. आयुष्य गेलं त्या गेटातून आत-बाहेर करण्यात, आणि हा विचारतोय, “नाव?”

सांगितलं. तो मीच सुरू केलेल्या त्या वहीची पानं उलटायला लागला. एक पान, दुसरं पान. मी वाकून वहीत बघायला लागलो.

“हाय,” तो म्हणाला. “जावा आत.”

आराखडा करणाऱ्याला एकदा त्यातल्या एका ओळीत बसवावं. दुसरं ट्रेनिंग लागत नाही.