चाकणच्या प्रेसची नोंद

निगडीहून चाकणची बस सुटली तेव्हा माझ्या मांडीवर लॅपटॉप होता आणि पिशवीत सांगलीहून आणलेली भाकरी-चटणी. एका कारखान्यात आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचं पोर्टल सुरू करून द्यायचं होतं. सगळे विभाग त्यावर नोंदी करणार आणि एकमेकांच्या नोंदी बघणार. तळवड्याला कंटेनरच्या रांगेत तासभर अडकले, शेवटी बस सोडून वडाप (भरली की सुटणारी जीप) पकडली. शेजारचे आजोबा एका कंपनीच्या लांबलचक भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "हितं आमची बाजरी व्हती. आता नातू त्याच कंपनीत हाय."

फाटकावर सेफ्टी शूज मिळाले, दोन नंबर मोठे. ते फरफटत मी मशीन-शॉपमध्ये शिरले. पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर सुलोचनाताई होत्या, मूळच्या लातूरकडच्या. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर बंद पडला होता.

"तीनदा सांगितलं की. बघू म्हणतेत नुसतं."

मी टॅबलेट पुढे केला. "इथं लिहा."

"मराठीत चालतंय का?"

"चालतं."

एका बोटानं त्यांनी लिहिलं: सेन्सर बंद आहे. हात जाईल.

नोंद त्याच क्षणी मुख्य कचेरीपर्यंत पोचली. दहा मिनिटांत मॅनेजर आले. "मॅडम, उद्या ग्राहक पाहणीला येतायत. ती नोंद काढा. आणि कामगारांचं लिहिणं बंद करा."

मी म्हटलं, "मी काढणार नाही. तुम्ही काढा, तुमच्या नावानं. कोणी काढली तेही सगळ्यांना दिसतं."

"तुमच्या साहेबांशी बोलतो मी."

"बोला. तोवर प्रेस बंद ठेवा."

ते काही बोलायच्या आत सुलोचनाताईंनीच लाल बटण दाबलं. पलीकडच्या मशीनवरची बाई हात पुसत आली. "ताई, माझ्या मशीनचं बी लिहायचंय."

जेवणाच्या सुट्टीत माझी भाकरी आम्ही तिघींनी वाटून खाल्ली. दुपारी नवा सेन्सर बसला. नोंद तशीच राहिली.

परतीच्या बसमध्ये साहेबांचा फोन आला. "त्या कंपनीनं सांगितलंय, तुला पुन्हा पाठवू नका."

"नका पाठवू," मी म्हटलं.

चाकण पुन्हा दिसेल न दिसेल. पण तिथं लिहायला माझी गरज आता कुणाला उरलेली नाही.